कंबर बरी होते, मशीनवर उभं राहिलं की पुन्हा धरते

तक्रार बहुतेक एकाच चालीची असते. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) किंवा फेटलिंगला (ओतलेल्या जॉबच्या कडा घासून साफ करायच्या कामाला) असलेल्या माणसाची कंबर धरते. मग दोन दिवस रजा, एक इंजेक्शन, कंबरेला पट्टा, रात्री शेक. तिसऱ्या दिवशी माणूस सरळ होतो, चौथ्या दिवशी कामावर येतो आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा निरोप येतो, "उसण भरलीय, आज येत नाही." बैलहोंगलकडचा कामगार असेल तर तेच कन्नडमध्ये "सोंट नोवु" म्हणून कळवतो. बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेच्या छोट्या शॉपमध्ये हे इतकं नेहमीचं झालंय की मालक ते रजेच्या हिशेबात धरूनच चालतो.

पहिली तपासणी हजेरीपटावर होते, तिला पैसा लागत नाही. गेल्या सहा महिन्यांत कंबर, खांदा किंवा मनगटासाठी पडलेल्या रजा काढा आणि प्रत्येक रजेसमोर माणसाचं नाव न लिहिता मशीनचा नंबर लिहा. माणसं बदलली तरी दुखणं त्याच दोन-तीन मशीनना चिकटून राहिलं असेल, तर दोष जागेत आहे. एकच माणूस कुठल्याही मशीनवर दुखत असेल, तर त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा आणि घरी काय काम करतो तेही विचारा. खानापूर, येळ्ळूर, देसूरकडची बरीच माणसं घरची शेती सांभाळून शिफ्टला येतात. जुलैत रोपलावणीला चार दिवस वाकलेली कंबर सोमवारी बिनमधून (मालाच्या लोखंडी पेटीतून) जॉब, म्हणजे मशीनवर लावायचा नग, उचलताना धरली, तर दोष एकट्या मशीनवर टाकता येत नाही. त्या महिन्याच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

आणखी एक खूण बघा. सकाळच्या पाळीचा पहिला तास. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावरच्या पहिल्या तासात वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. त्यात पीरनवाडीपासून मोटारसायकलवर खड्डे खात आलेला माणूस आल्या आल्या बिनच्या तळाशी वाकला, तर चमक भरायला निमित्तच लागत नाही. दुखण्याच्या नोंदीत वेळ लिहिली की हे चटकन दिसतं.

आधी करून बघितलेले उपाय का टिकत नाहीत

कंबरपट्टा. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९९४ मध्ये पट्ट्यांचा आढावा घेतला आणि निरोगी कामगाराला पट्ट्यामुळे इजेपासून संरक्षण मिळतं असा पुरावा नाही, असं सांगितलं. डॉक्टरांनी दुखण्यासाठी दिला असेल तर तो वापरावा. पण पट्टा बांधला की माणूस बिनधास्त होऊन जड उचलतो, हा धोका राहतोच.

"गुडघ्यात वाकून उचला" हे पोस्टर. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. गुडघ्यात वाकून फायदा तेव्हा होतो जेव्हा वजन दोन गुडघ्यांच्या मधून, पोटाजवळून वर येतं. मीटरभर रुंद लोखंडी बिनच्या मागच्या कोपऱ्यातला जॉब गुडघ्यांमधून येणार कसा? बिनची भिंत मांडीला टेकवून, कंबरेतून ओणवं होऊनच तो काढावा लागतो. पोस्टर लावणाऱ्याने एकदा स्वतः काढून बघावा.

काम आलटून-पालटून देणं. दोन कामांत वेगवेगळे स्नायू लागत असतील तरच याचा उपयोग. लोडिंगवरच्या माणसाला दोन तासांनी पॅकिंगला पाठवलं आणि पॅकिंग जमिनीवर ओणवं राहून होत असेल, तर त्याची कंबर तीच आणि वाकणंही तेच.

वजनापेक्षा अंतर जास्त मारतं

ही एक गोष्ट सुपरवायझरच्या डोक्यात बसली की निम्मं काम झालं. मणक्याला मागून धरणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर असतात. समोरचं वजन मात्र ५० सेंटीमीटर पुढे असतं. तराजूचा एक दांडा दहापट लांब. १५ किलोचा कास्टिंग (ओतीव नग) ५० सेंटीमीटर लांब धरला तर तो पेलायला पाठीच्या स्नायूंना साधारण १५० किलोचा ओढ द्यावा लागतो. तोच २५ सेंटीमीटरवर, पोटाशी आणला की ७५ किलोचा. यात स्वतःच्या धडाचं वजन अजून धरलेलंच नाही, आणि वाकल्यावर तेही पुढे लटकतं. म्हणून ८ किलोचा जॉब लांबून काढणारा दुखत बसतो आणि २० किलोचा पोटाशी धरून चालणारा धडधाकट दिसतो.

बिडाचा एक लिटर म्हणजे जवळपास ७ किलो. दिसायला नारळाएवढा जॉब हातात घेतल्यावर चकवतो. त्यामुळे ट्रेवर किंवा बिनवर प्रत्येक जॉबचं वजन खडूने लिहिण्याची सवय लावा.

मोजणी: टेप, लटकता काटा आणि मोबाइल

तीन मीटरचा टेप, ५० किलोचा लटकता काटा आणि मोबाइलचा व्हिडिओ एवढं पुरतं. कामगाराला आधी सांगून, बाजूने, पूर्ण शरीर दिसेल असा दहा सायकलचा व्हिडिओ घ्या. व्हिडिओ उचलण्याच्या क्षणी थांबवून पुढचे आकडे काढा. भरलेल्या बिनवर मोजू नका. बिन तीन-चतुर्थांश रिकामा झाल्यावर मोजा, कारण वरचे जॉब सगळ्यांनाच सोपे असतात.

१. आडवं अंतर: दोन घोट्यांच्या मधल्या बिंदूपासून दोन हातांच्या मधल्या बिंदूपर्यंत, जमिनीवर उतरवून.
२. उंची: उचलताना हात जमिनीपासून किती वर आहेत.
३. प्रवास: उचलल्यापासून ठेवेपर्यंत उंचीत पडलेला फरक.
४. पीळ: पाय जिथे रोखलेत तिथून हात किती अंश बाजूला गेलेत.
५. मिनिटाला किती उचल, आणि जॉबला धरायला जागा आहे का.

नायॉशने १९९१ मध्ये सुधारलेलं एक गणित आहे. सगळं अनुकूल असताना ते २३ किलोपासून सुरू होतं आणि प्रत्येक अडचणीगणिक वजन कापत जातं. आडव्या अंतरासाठी २५ भागिले अंतर. उंचीसाठी ७५ सेंटीमीटरपासूनचा फरक गुणिले ०.००३, हे १ मधून वजा. प्रवासासाठी ०.८२ अधिक (४.५ भागिले प्रवास). पिळासाठी प्रत्येक अंशाला ०.००३२, हेही १ मधून वजा. पूर्ण पाळीभर पाच मिनिटाला एक उचल असेल तर ०.८५. धरायला मूठ नसलेल्या खरबरीत कास्टिंगसाठी ०.९०. सगळे गुणाकार केले की त्या जागी चालण्यासारखं वजन निघतं. खरं वजन त्याच्या किती पट आहे ते बघायचं. एकच्या आत ठीक, एकच्या वर काळजी, तीनच्या वर काम थांबवून जागा बदलण्याची वेळ.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. जॉब १४ किलो. बिन जमिनीवर, हात २० सेंटीमीटरवर, आडवं अंतर ५५, चक (जॉब घट्ट पकडणारा मशीनचा भाग) १०५ सेंटीमीटर उंचीवर म्हणजे प्रवास ८५, बिन पाठीमागे बाजूला असल्याने पीळ ९० अंश, उचलीचा वेग आणि पकड वर दिल्यासारखीच. गुणाकार केला की चालण्यासारखं वजन येतं फक्त ४.१५ किलो. म्हणजे १४ किलो हे ३.४ पट. आता एकावेळी एकच गोष्ट बदलून बघा. फक्त पीळ काढला, म्हणजे बिन समोर आणला, तर ५.८ किलो. फक्त बिन उंच केला, उंची ७५ आणि प्रवास ३० झाला, तर ५.५. फक्त आडवं अंतर ५५ वरून ३५ केलं तर ६.५. एकेक उपाय थोडं थोडंच देतो, आणि बहुतेक शॉप एक स्टँड करून थांबतात. म्हणून तक्रार परत येते. तिन्ही एकत्र केले, अंतर ३० पर्यंत आणलं, तर आकडा १४.२ किलोवर जातो आणि १४ किलोचा जॉब एकच्या आत बसतो.

आता यातली मेख. हे गणित उचलण्याच्या टोकाला केलं. ठेवण्याच्या टोकालाही करायचं असतं, कारण चकमध्ये जॉब नेमका बसेपर्यंत तो धरून ठेवावा लागतो. दाराच्या कडेवरून आत वाकलेल्या माणसाचं आडवं अंतर सहज ५० होतं, एका हाताने जॉब, दुसऱ्या हाताने जॉबचा रोख, पाय पेडलवर, म्हणजे सगळा भार एका पायावर. पीळ शून्य धरूनही तिथे चालण्यासारखं वजन ७.८ किलोच निघतं. बिनचं सगळं नीट केलेल्या शॉपमध्येही कंबरेची एक बाजू दुखत राहते ती इथून.

बिन आणि लोडिंगची दुरुस्ती

स्टँड. ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा अँगल वापरून ४० ते ४५ सेंटीमीटर उंचीचा चौकट स्टँड कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून होतो. पण बिनची भिंत ६० सेंटीमीटरची असेल तर स्टँडवर ठेवल्यावर कड १०० वर जाते आणि माणूस खांदे वर उचलून आत हात घालतो. कंबर सुटते आणि खांदा धरतो. म्हणून स्टँड करण्याआधी बिनची कामगाराकडची भिंत अर्धी कापून बिजागरीवर पाडायची सोय करा. कापलेल्या कडेला पाइपचं किनार लावा, नाहीतर मनगट आणि पोट कापतं.

कलता स्टँड याहून चांगला. बिन कामगाराकडे २० ते ३० अंश झुकला की जॉब आपोआप पुढे सरकतात आणि मागच्या कोपऱ्यात जायची वेळ येत नाही. पुढच्या बाजूला कमीत कमी १० सेंटीमीटरची अडवणी ठेवा आणि स्टँड जमिनीला बोल्ट करा. तीनशे किलो बीड झुकवून ठेवताना ते कलंडणार नाही हे रिकामं असताना तपासून चालत नाही, पूर्ण भरून, पुढच्या कडेवर भार देऊन तपासा. वरून झाकलेले गंजके वेल्ड इथे चालत नाहीत.

आणखी एक उपाय म्हणजे माल उथळ बिनमध्ये घेणं. फाउंड्रीकडून येणारा माल काठोकाठ भरून येतो कारण गाडीचं भाडं वाचतं. शॉपमध्ये आल्यावर तो दोन उथळ बिनमध्ये विभागून स्टँडवर ठेवला तर तळाशी वाकणं कमी होतं. फोर्कलिफ्टवाला कुरकुरेल, तेवढं सोसा.

जागा. बिन आणि मशीनच्या दारामध्ये एक पाऊल टाकता येईल एवढी, म्हणजे ९० सेंटीमीटर ते मीटरभर मोकळी जागा ठेवा. हे ऐकायला उलट वाटतं, बिन जितका जवळ तितकं बरं असंच कोणीही म्हणेल. पण बिन हाताच्या अंतरावर असला की माणूस पाय न हलवता कंबरेतूनच वळतो. मधे पाऊल टाकायला भाग पडलं की पाय वळतात आणि कंबर सरळ राहते.

चकच्या टोकाला १० किलोच्या वरचा जॉब असेल तर जिब क्रेन (फिरत्या बाहूची छोटी क्रेन) किंवा हॅन्ड होइस्ट (हाताने ओढायचा कप्पा) लावा. लावूनही कामगार ते वापरत नसेल तर तो आळशी आहे असं ठरवण्याआधी वेळ मोजा. हाताने लोडिंग वीस सेकंदांत आणि होइस्टने दीड मिनिटात होत असेल आणि पगार नगावर असेल, तर कोणीही हातानेच उचलणार. जॉबला साजेसा पकडीचा हूक किंवा क्लॅम्प करून दिला की वेळ खाली येतो. होइस्ट बसवणं शक्य नसेल तर दाराच्या आत, चकच्या खाली, मध्यरेषेच्या उंचीला जॉब टेकवायला सरकता व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) बसवा. मग हाताला वजन धरायचं नसतं, फक्त सरकवायचं असतं.

कामगार सकाळी आला की पहिला अर्धा-पाऊण तास बिनच्या तळातले जॉब लावायचे नाहीत. गेज तपासणी, टूल बदलणं, पहिला नग मंजूर करणं ही कामं त्या वेळात बसवा. वेळापत्रकात फक्त क्रम बदलतो.

उभं राहण्याचा प्रश्न

इथे लवकर आटपतं. काँक्रीटवर आठ तास उभं राहून पाय भरून येतात आणि कंबर शेवटच्या दोन तासांत बोलते. १२ ते २० मिलिमीटर जाडीची छिद्रांची रबरी मॅट घ्या, कूलंट (मशीन चालताना सोडतात ते थंड ठेवणारं द्रव) सांडत असेल तर नायट्राइल रबराची, कारण साधं रबर तेलकट कूलंटने काही महिन्यांत फुगून चिकट होतं. मॅटच्या कडा उताराच्या असाव्यात. मशीनच्या पायाशी १५ सेंटीमीटर उंचीवर पाइप लावून एक पाय टेकवायची सोय द्या. पावसाळ्यात बुटांना चिखल आणि आत कूलंट, दोन्ही मिळून मॅटखालची फरशी निसरडी होते, आठवड्यातून एकदा मॅट उचलून धुवा. आणि बसायला एक स्टूल ठेवा. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ हे उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीसाठीच होतं, तर कलम ३४ इजा होईल इतकं वजन उचलायला लावू नये यासाठी. स्टूल दिसला की माणूस बसूनच राहील ही भीती नगाच्या पगारावर तरी निराधार आहे.

फेटलिंग: कंबर, मग खांदा, मग बधिर बोटं

छोट्या फाउंड्रीत कास्टिंग जमिनीवर टाकून, उकिडवं बसून एजी-७ (सात इंची चाकाचा हातातला ग्राइंडर) चालवणं सर्रास दिसतं. उकिडवं बसायची सवय आपल्याकडे लहानपणापासूनची, त्यामुळे गुडघे सुरुवातीला तक्रार करत नाहीत. पण मशीन चार-पाच किलोचं, हात सरळ पुढे ताणलेले, आणि मान खाली.

टेबल करताना एक चूक ठरलेली. टेबलाची उंची मोजतात, हातांची उंची मोजत नाहीत. जोराचं काम कोपराच्या २० ते ४० सेंटीमीटर खाली हवं, हलकं काम १० ते १५ खाली, बारीक नजरेचं काम कोपराच्या ५ ते १० वर. कामगाराचा कोपर १०० वर आणि कास्टिंग ३० सेंटीमीटर उंच असेल, तर ग्राइंडिंगसाठी हात ७० ते ८० वर हवेत, म्हणजे टेबल ४५ वर आलं. पण तोच कामगार १० सेंटीमीटर जाडीची प्लेट घासणार असेल तर टेबल ६५ वर हवं. एकच टेबल ठेवायचं असेल तर ते खालच्या उंचीचं करा आणि पातळ जॉबसाठी वर ठेवायला लाकडी ठोकळे द्या. उलट, उंच टेबल करून बुटक्या माणसाला फळी दिली तर ती फळी सरकते. टेबलावर फिरती तबकडी लावली की माणूस जॉबभोवती वाकत नाही, जॉबच फिरतो. जुन्या गाडीच्या हबपासून अशी तबकडी बनते, फक्त तिला कुलूप हवं, नाहीतर ग्राइंडर लागताच जॉब गरगर फिरतो.

आता बोटं. रात्री झोपेत हात बधिर होणं, शर्टाचं बटण लावता न येणं, चहाचा ग्लास निसटणं ही लक्षणं कंपनाची असू शकतात. थंड देशांत बोटं पांढरी पडतात म्हणून ओळखू येतं, आपल्या हवेत तसं कमी दिसतं आणि म्हणून ओळखायला उशीर होतो. पांढरं दिसण्याची वाट बघू नका.

युरोपच्या २००२ च्या निर्देशानुसार दिवसभराच्या सरासरीत हाताला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला उपाय सुरू करायचे आणि ५ ही ओलांडायची नाही अशी मर्यादा. कंपन दुप्पट झालं की चालवण्याची वेळ निम्मी होत नाही, चौपट कमी होते. ५ च्या मशीनला पहिली पातळी गाठायला दोन तास लागतात, १० च्या मशीनला अर्धा तास. इथे मोजायचा तो ट्रिगर दाबलेला वेळ, पाळीचे तास नव्हे. मशीनच्या पुस्तिकेत कंपनाचा आकडा असतो, पण तो नव्या मशीनचा. झिजलेल्या मशीनचा त्याहून वाढलेला धरा.

कंपन वाढलं की क्रमाने हे बघा. चाक काढून फ्लँज (चाक ज्यावर बसतं ती चकती) पुसा, त्यावर धूळ किंवा खाच असेल तर चाक वाकडं बसतं. बिगरब्रँडचं चाक तोल नसलेलं निघतं, दुसरं लावून फरक बघा आणि चाकावर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा मशीनच्या आकड्याहून कमी असेल तर ते लावूच नका. ओलं झालेलं चाक फेका. मग बेअरिंग: मशीन बंद करून, प्लग काढून, स्पिंडल हाताने हलवा, खडखड लागली तर बदला. शेवटी बाजूची मूठ. ती बहुतेक मशीनवरून हरवलेली असते, कारण अरुंद खाचेत अडते म्हणून कोणीतरी काढून ठेवलेली असते. एका हाताने घट्ट आवळलेल्या ग्राइंडरचं कंपन थेट मनगटात उतरतं.

कंपनरोधक हातमोजे बरेच जण आणतात. ग्राइंडरच्या कंपनावर ते फारसे चालत नाहीत, आणि जाड मोज्याने पकड घट्ट करावी लागते, ते वेगळं नुकसान. पैसे स्प्रिंग बॅलन्सरला घाला. मशीन वरून लटकलं की खांद्याचं वजन गेलं, हाताने फक्त दिशा द्यायची. आणि फाउंड्रीकडे मागे जाऊन विचारा: पार्टिंग लाइनला (साच्याच्या दोन अर्धांच्या सांध्याला) एवढी जाड फिन (बाहेर आलेली धातूची पट्टी) का येते? मोल्डिंग बॉक्सच्या पिना झिजल्या असतील तर दोन अर्ध बरोबर बसत नाहीत आणि ते फेटलिंगवाला आपल्या मनगटाने भरून काढतो. पिन आणि बुश बदलणं हा मनगटाचा सगळ्यात चांगला उपचार आहे, फक्त तो दुसऱ्या खात्याच्या खर्चात पडतो.

माग, विडी, हमाली

वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागांवर दुखणं वेगळ्या जागी असतं. तुटलेला ताणा (मागावरचा उभा धागा) जोडायला विणकर मागावर पोट टेकवून पुढे झेपावतो आणि मान वाकवतो. आधी दिवा बघा: धागा दिसत नाही म्हणूनच मान खाली जाते. प्रत्येक मागावर, फणीच्या वर, डोळ्यावर न येणारी एलईडी पट्टी लावली की वाकणं कमी होतं. बुटक्या विणकरासाठी मागाच्या पूर्ण लांबीची १० सेंटीमीटर उंच फळी द्या, तुकडा देऊ नका, कारण दोन मागांमध्ये धावताना त्याचा पाय कडेवरून घसरतो. भरलेला बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) दोघांनी खांद्यावर नेण्याऐवजी व्ही आकाराच्या पाळण्याची ट्रॉली करा, तिची उंची मागावरच्या बीमच्या आधाराला जुळली पाहिजे, नाहीतर शेवटची वीतभर उचल राहतेच आणि दुखापत नेमकी त्या वीतभरातच होते.

निपाणीकडे विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन् तास जमिनीवर बसतात. बसायला १० सेंटीमीटरचा पाट आणि पाठीला भिंत, एवढ्याने कंबर सुटते. सूप मांडीवरून उचलून छोट्या पायांच्या चौरंगावर ठेवलं की मान वर येते. अंगठ्याचं दुखणं मात्र कात्री आणि पानातून येतं. बोथट कात्री आणि नीट न भिजलेलं पान, दोन्हींना अंगठ्याचा जोर जास्त लागतो. कात्रीला धार आठवड्याला, आणि दर अडीचशे विड्यांनंतर उठून खांदे फिरवणं. हजारावर मजुरी मिळते म्हणून उठणं जिवावर येतं हे खरं, पण अंगठा गेला तर हजारही जातो.

साखर आणि सिमेंटचं पोतं ५० किलोचं, आणि वरचं गणित अगदी अनुकूल स्थितीतही २३ ला थांबतं. तेव्हा हाताने उचलण्याची कुठलीही पद्धत शिकवून ५० किलो सुरक्षित होत नाही. थप्पीवरून पाठीवर घेणाऱ्या हमालासाठी थप्पीचा वरचा थर खांद्याच्या उंचीला ठेवा. जमिनीवरून एकट्याने पोतं उचलायचं नाही, दोघांनी द्यायचं. गाडीच्या फाळक्याची आणि गोदामाच्या ओट्याची उंची जुळत नसेल तर उताराची प्लेट टाका. पाय फाळक्यात अडकून पाठीवर पोतं असताना पडणं, ही इजा बरी व्हायला फार वेळ घेते.

केव्हा थांबायचं

कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, पाऊल उचलताना लटकायला लागलं, किंवा ताप आहे, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं, तर शेक-पट्टा काही नाही, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला न्या. हे वाक्य मराठी आणि कन्नड दोन्हीत छापून पाळीच्या फळ्यावर लावा, आणि बाहेरच्या राज्यातली पोरं कामाला असतील तर हिंदीतही.

दुरुस्तीनंतर परत दुखलं तर

स्टँड केला, बिन कापला, दोन महिने शांत गेले आणि तिसऱ्या महिन्यात त्याच मशीनवर पुन्हा रजा पडली. उपाय चुकला असं लगेच धरू नका, आधी जाऊन बघा की उपाय जागेवर आहे का. स्टँड शेजारच्या मशीनने ड्रॉइंग ठेवायला नेलेला असतो. कास्टिंगवाल्याने बिन बदललेला असतो, नव्या बिनची भिंत कापलेली नसते. जॉब बदललेला असतो, १४ किलोच्या जागी १९ किलोचा चालू असतो आणि फळ्यावर खडूचं जुनंच वजन लिहिलेलं असतं. ओव्हरटाइम सुरू झालेला असतो, म्हणजे तीच उचल आठ तासांऐवजी बारा तास. स्क्रॅपचा डबा कोणीतरी त्या मोकळ्या मीटरभर जागेत आणून ठेवलेला असतो आणि माणूस पुन्हा पाय न हलवता कंबरेतून वळतो.

म्हणून स्टँडच्या पायांभोवती आणि पावलाच्या मोकळ्या जागेभोवती जमिनीवर पिवळ्या रंगाने चौकट मारा, आणि पाळी बदलताना सुपरवायझरने बाकी काही नाही तर ती चौकट रिकामी आहे का एवढं बघावं. नवा जॉब लावला की पहिल्या नगाच्या मंजुरीच्या कागदावर मापांच्या खाली एक ओळ वाढवा: वजन किती, बिन कुठे, हात किती उंचीवर. सही गेज तपासणाऱ्याची आणि उचलणाऱ्याची, दोघांचीही.